चित्र काढता येतं, मग टू-डी डिझाइन का जमत नाही?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

यंदा कला महाविद्यालयात फाउंडेशनला (पायाभूत वर्षाला) प्रवेश घेतलाय. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती. पोरीचा हात चांगला आहे, असं घरीदारी सगळे म्हणायचे. वस्तुचित्र, व्यक्तिचित्र जमतंही. अडलंय ते डिझाइनच्या तासाला. गेल्या दीड महिन्यात आम्ही टिंबं काढली, रेघा काढल्या, रंगचक्र केलं, नऊ पायऱ्यांची ग्रे स्केल, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीची पट्टी, केली (माझी तीनदा परत आली). आता असाइनमेंट अशी आहे: हाफ इम्पिरियल कागदावर दहा इंचांचा चौकोन आखायचा, त्यात काळ्या कागदाचे पाच चौकोन लावायचे, लहानमोठे कसेही, आणि तोल साधायचा. मी दोनदा केलं. सरांनी एक नजर टाकली, "यात डिझाइन नाहीये" म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे वळले.

समतोल, लय, विरोध, संवाद, प्रमाण ही यादी मला तोंडपाठ आहे. कागद समोर आला की तिचा काडीचा उपयोग होत नाही. तर पाच चौकोनांत डिझाइन असतं म्हणजे नेमकं काय असतं? आणि ज्यांनी हे सगळं केलंय त्यांना पुढे खरंच कामाला आलं का? बाबा विचारतात, ठोकळे चिकटवायला एवढी फी भरली का. मला उत्तर देता येत नाही.

चहात_चपाती
बाबांना +१. (हलकं घ्या.)

निरुपद्रवी
वाचनखूण साठवली. लेक पुढच्या वर्षी कलेची सीईटी देणार आहे, त्यातही डिझाइनचा पेपर आहेच. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

आडवा_ब्रश
रेघोट्या, दोन्ही कामांचे फोटो डकव. न बघता निदान करायला आम्ही वैदू नाही.

रेघोट्या
फोटो चढवायला गेले तर एरर येतेय. शब्दांत सांगते. पहिल्यात मधोमध मोठा चौकोन आणि चार कोपऱ्यांत चार छोटे, अगदी मोजून. दुसऱ्यात डावीकडून उजवीकडे लहानापासून मोठ्यापर्यंत पाच, सगळे एकाच रेषेवर.

आडवा_ब्रश
म्हणजे पहिला कॅरमबोर्ड आणि दुसरी मोबाइलची रेंज. :)

हसू नकोस, आमच्या वर्गात निम्म्यांनी कॅरमबोर्डच केला होता. तोल तुझ्या दोन्ही कामांत आहे गं. पण पहिल्यात तो तू साधलेला नाहीस, पट्टीने साधलाय. डावं-उजवं सारखं केलं की तोल फुकट मिळतो आणि नजरेला काही कामच उरत नाही. मधे गेली, बसली, संपलं. सरांना बहुधा असं हवंय की एक मोठा चौकोन एका बाजूला असूनही कागद तिकडे कलंडू नये. मग त्याला कोण सावरतंय? समोरच्या बाजूला लांब, काठाजवळ ठेवलेला एखादा बारका चौकोनही सावरू शकतो. तराजूत नाही का, दांडीच्या टोकाला लावलेलं लहान वजन भारी पडतं.

आता काम सांगतो. डिंक दोन दिवस कपाटात ठेव. वेगवेगळ्या मापांचे पंधरा-वीस काळे चौकोन काप, त्यातले पाच-पाच घेऊन कागदावर नुसते सरकवत राहा. जरा बरं वाटलं की मोबाइलवर फोटो. असे तीसेक फोटो झाले की झोप. सकाळी फोटो अगदी लहान करून, नखाएवढे, शेजारी शेजारी बघ. वीस-पंचवीस तूच उडवशील. उरलेले का उडवले नाहीस ते लिहून काढ, सरांसाठी नको, स्वतःसाठी.

आणि एक. काळ्याकडे बघू नकोस, पांढऱ्याकडे बघ. चौकोनांच्या मधून उरलेल्या पांढऱ्याचे तुकडे कसे झालेत? सगळे सारख्याच मापाचे झाले असतील तर फरशी बसवल्यासारखं दिसतं.

तंत्रस्नेही
मी कॉलेजात शिकलो नाही, पण दहा वर्षं ॲपच्या स्क्रीन डिझाइन करतोय, म्हणून बोलायची हिंमत. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांत होतं. चौकोन सरकवा, कॉपी करा, पन्नास पर्याय काढा. नऊ पायऱ्यांची ग्रे स्केल तर दोन क्लिकचं काम. मुलांना पोस्टर कलर ढवळायला लावण्यात एक वर्ष जातं ते कशासाठी? पूर्वी तसं करायचे म्हणून? शिकवा ना मूलतत्त्वं, पण आजच्या साधनांवर.

खडू_डस्टर
तंत्रस्नेही, ग्रे स्केल दोन क्लिकमध्ये *मिळते*. त्या दोन क्लिकमध्ये ती दिसायला लागत नाही. मी एका कला महाविद्यालयात फाउंडेशनला शिकवतो (रेघोट्याताईंच्या नव्हे, आधीच सांगतो!). मुलं येतात तेव्हा पाचव्या आणि सहाव्या पायरीतला फरक त्यांना खरंच कळत नाही. हाताने मिसळताना तीनदा चुकलं की कळू लागतो.

रेघोट्याताई, तुमची स्केल का परत आली ते न बघता सांगतो. पांढऱ्यात काळ्याचा एकेक थेंब वाढवत गेलात ना? मग पहिल्या दोन-तीन घरांत धाडकन उडी आणि शेवटची चार घरं जवळजवळ काळी. पांढऱ्यात पडलेला पहिला थेंब जेवढा फरक करतो तेवढा दहावा करत नाही. थेंब मोजायचेच नाहीत. एक नंबरला पांढरा आणि नऊला काळा ठेवा. आधी पाचवी पायरी शोधा, दोघांच्या बरोब्बर मधली वाटेल अशी. मग एक आणि पाचच्या मधली तिसरी, पाच आणि नऊच्या मधली सातवी. उरलेल्या चार शेवटी. प्रत्येक टोन (गडद-फिकेपणाची छटा) वेगळ्या पट्टीवर लावून पूर्ण वाळू द्या, कारण पोस्टर कलरचा ओला टोन आणि वाळलेला टोन एक नसतो. मग कापून फट न ठेवता शेजारी शेजारी लावा आणि डोळे बारीक करून बघा. आठही सांधे सारखेच ठळक दिसले पाहिजेत. एखादा सांधा नाहीसा झाला तर तिथली पायरी चुकली.

हे वर्गात का सांगत नाहीत, असं विचाराल. काही जण सांगतात. काही जणांना वाटतं की पोराने धडपडून शोधावं. आणि काहींना, मी त्यात होतो, त्यांच्या सरांनीही "यात डिझाइन नाहीये" एवढंच सांगितलेलं असतं.

चहात_चपाती
परंपरा!

रेघोट्या
थेंब मोजले होते. वहीत लिहूनसुद्धा ठेवलेत. :(

पेंटरचा_पोर
थेंबांवरून वडील आठवले. ते साइनबोर्ड रंगवायचे, तालुक्याच्या गावी. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं. खडूत बुडवलेल्या सुताने वरखाली दोन रेघा मारायच्या आणि मध्ये अक्षरं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना हट्ट करून एक ओळ आखली. फूटपट्टीने प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं, मधलं अंतर सारखं. अण्णा म्हणाले, लांब जाऊन बघ. रस्त्यापलीकडून बघितलं तर शब्दाचे तीन तुकडे पडले होते. इंग्रजी पाटी असली की ओ दोन्ही रेघांच्या किंचित बाहेर जाऊ द्यायचे ते, कारण आत बसवलेला ओ शेजारच्या ई पेक्षा बुटका दिसतो. आपल्या ठ-ट ची गोलाईसुद्धा तशीच जरा खाली सोडायची. मोजून सारखं आणि दिसायला सारखं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांना कुठल्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

फ्लेक्स आलं आणि धंदा बसला. त्यांचे ब्रश अजून माळ्यावर आहेत, रॉकेलात धुऊन कागदात गुंडाळलेले.

आडवा_ब्रश
क्या बात है. देवनागरीत तर आणखी मजा. ग, ण, श यांत दंड (उभी रेघ) आधीच सुटा असतो. अक्षरांतलं अंतर अक्षराच्या पोटातल्या फटीएवढंच ठेवलं की कुठला दंड कोणाचा तेच कळेनासं होतं.

मुळ्येकाका
यावर आमच्या शाळेतला जुना विनोद. जुन्या वळणाचा ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी. त्यामुळे पाटीवर 'खाना' लिहिलं की लोक 'रवाना' वाचायचे. दवाखान्याची पाटी वाचून 'दवा रवाना' म्हणायचो आम्ही. पुढे ख च्या दोन भागांना खालून जोडून टाकलं आणि पंचाईत मिटली.

खडू_डस्टर
मुळ्येकाका, हे उद्या वर्गात वापरतो. जवळ असलेलं डोळा एकत्र धरतो आणि जोडलेलं त्याहून घट्ट धरतो. टिंबांच्या असाइनमेंटमध्ये आम्ही हेच सांगायचा प्रयत्न करत असतो आणि मुलं जांभया देत असतात.

रेघोट्या
म्हणजे टिंबं त्यासाठी होती? आम्ही दोनशे टिंबं काढली, कोणी हे बोललं नाही.

निरुपद्रवी
लेकीला ख-रवाना सांगितलं. तिने आता घरातल्या सगळ्या पाट्या वाकड्या वाचायला सुरुवात केली आहे. आभार म्हणू की काय म्हणू.

तंत्रस्नेही
खडू_डस्टर, डोळा तयार होण्याचा मुद्दा मान्य. पण डोळा स्क्रीनवर तयार होत नाही हे मान्य नाही. आमच्याकडे कला महाविद्यालयातून आलेली मुलं असतात, सुंदर फ्लॅट वॉश (एकसारखा सपाट रंग) देतात, आणि एका स्क्रीनवर सात वेगवेगळ्या मापांची अक्षरं टाकतात. वर्षभर ढवळून विरोध आणि संवाद शिकले होते ना? कुठे गेलं ते?

आडवा_ब्रश
हे मात्र खरं आहे. माझंही तेच झालं होतं. फाउंडेशनला शिकलेलं फाउंडेशनच्या सबमिशनपुरतं, आणि अप्लाइड आर्टला गेल्यावर पहिलं पोस्टर केलं त्यात सगळंच ठळक. मथळा ठळक, चित्र ठळक, कोपऱ्यातला लोगो ठळक. लग्नात सगळ्यांनीच भरजरी फेटे बांधल्यावर नवरदेव कोण ते कळत नाही, तसं. पाच चौकोनांशी त्याचा संबंध आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. वर्गात तो पूल कोणी बांधून देत नाही.

मॅचिंगवाली
मी कलेची विद्यार्थिनी नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांचं मॅचिंग सेंटर होतं, आता मी बघते. चाळीस वर्षांचं दुकान. रेघोट्या, तुझ्या बाबांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल का बघ.

ब्लाउजपीस दाखवायची आमच्याकडे एक पद्धत आहे. रुबियाचा (ब्लाउजच्या कापडाचा) तागा सगळा उलगडून साडीवर टाकायचा नाही. घडीची कड फक्त दोन बोटं बाहेर काढायची आणि ती काठाला लावायची. तीच कड पदरावर ठेवली की वेगळी दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, अहो दुसरा दाखवलात का? दुसरा नसतो, शेजार बदललेला असतो. मोरपंखी काठाशेजारी जो आमसुली मवाळ दिसतो तोच लिंबू रंगाच्या साडीवर काळा ठिक्कर पडतो. नवीन आलेल्या मुलीला पहिले सहा महिने मी गिऱ्हाइकापुढे उभीच करत नाही. तिने फक्त तागे लावायचे. रंगाप्रमाणे लावणं सोपं असतं, लाल लालजवळ, हिरवा हिरव्याजवळ. आमच्याकडे प्रत्येक रांगेत वरून खाली फिक्यापासून गडदपर्यंत लावायचे असतात. म्हणजे अबोली, गुलबक्षी, राणी, डाळिंबी यांत गडद कोण हे ठरवायचं. राणी इतका भडक असतो की नवी मुलगी त्यालाच डाळिंबीच्या खाली ठेवते. भडक म्हणजे गडद नव्हे. हे डोक्यात बसायला महिना जातो.

दुसरं, ट्यूबलाइटखाली जुळलेलं कापड दारात नेऊन परत बघायचं. आत गळ्यात गळा घालून असलेले दोन रंग उन्हात फटकून वागतात. सासरे म्हणायचे, दार नसलेलं मॅचिंग सेंटर चालायचं नाही.

आता मॉलमध्ये जोडब्लाउजच्या साड्या मिळतात, आमचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही. पण परवाच एक मुलगी पैठणी घेऊन आली, ऑनलाइन तीन ब्लाउजपीस मागवून तिन्ही परत केले म्हणाली. चौथा आमच्याकडे सापडला. पाऊण तास गेला.

निरुपद्रवी
हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो.

मुळ्येकाका
+१. चिंतामणी रंग म्हणजे नक्की कोणता, यावर आमच्या घरात ३५ वर्षं वाद आहे. तेवढं सांगा.

मॅचिंगवाली
काका, त्यावर आमच्याही दुकानात दोन मतं आहेत. मी निळ्याच्या कपाटात ठेवते, सासूबाई येऊन हिरव्यात हलवतात.

परदेशी_पाखरू
मॅचिंगवाली, तुमच्या दोन बोटांच्या घडीवर जगातल्या मोठमोठ्या कलाशाळांत तास होतात! मी जर्मनीत असते, वायमारपासून फार लांब नाही. रेघोट्या, तुमच्या वर्गातले ठोकळे कुठून आले त्याचा माग तिथे लागतो. १९१९ साली वायमारला बाउहाउस ही शाळा निघाली. तिथे योहानेस इटेन यांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक पूर्वाभ्यासक्रम सुरू केला. त्यात रेषा, पोत, गडद-फिके, रंगांचे विरोध यांवर आधी काम, खास विषय नंतर. जगभरच्या फाउंडेशन वर्षांवर त्याची छाप आहे. त्यांच्यानंतर तिथे शिकवणारे योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांच्या हाती नुसता कागद द्यायचे आणि वाया न घालवता त्यातून काहीतरी उभं करा म्हणायचे. १९३३ साली शाळा बंद पडल्यावर ते अमेरिकेत गेले. तिथे रंग शिकवताना ते डब्यातल्या रंगांपेक्षा रंगीत कागदाचे कपटेच जास्त वापरत. एकच कपटा दोन वेगळ्या रंगांवर ठेवायचा आणि तो दोन रंगांचा दिसेपर्यंत शोधाशोध करायची. म्हणजे तुमचं दुकानच.

जाता जाता, बाउहाउसच्या मंडळींची चित्रं १९२२ च्या डिसेंबरात कोलकात्यात प्रदर्शनात लागली होती. इटेन, क्ले, कांडिन्स्की सगळे होते त्यात.

चहात_चपाती
धागा चौकोनांवरून दवाखाना, ब्लाउजपीस करत जर्मनीला पोचला. आता कोणीतरी पुणे-मुंबई काढा म्हणजे धागा पूर्ण होईल.

घाटावरचा
पुणे-मुंबई नको, डहाणू काढतो. सगळं जर्मनीहून आलं असं पोरीच्या मनात भरवू नका. वारली चित्र बघा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढेच दोन रंग. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि त्या टोकावर वाकायची सगळी कला. तारपा नाच बघा, माणसांची साखळी वळत वळत आत जाते आणि मध्ये तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा. प्रत्येक माणूस जवळपास सारखा, तरी चित्र हलतं. लय म्हणजे काय ते यादीतून कळत नसेल तर जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं समोर ठेव आणि माणसांमधली अंतरं कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत ते बघ. २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना, कुठल्या फाउंडेशनला गेले नव्हते.

परदेशी_पाखरू
कोणी म्हटलं सगळं जर्मनीहून आलं? तुमच्या वर्गातली *असाइनमेंट* तिकडची, एवढंच म्हटलं.

घाटावरचा
बरं. हलकं घ्या.

तंत्रस्नेही
मॅचिंगवालींचं 'भडक म्हणजे गडद नव्हे' मी ऑफिसात फळ्यावर लिहिलं. गेल्याच आठवड्यात आमच्याकडे हिरव्या बटणावर लाल अक्षरं आली होती. दोन्ही भडक, दोन्ही टोनला सारखे, वाचताना डोळे थरथरतात. स्क्रीन कृष्णधवल करून दाखवली तर अक्षरं गायब. उलट रेल्वे स्टेशनच्या पाट्या, पिवळ्यावर काळं. धावत्या गाडीतून वाचता येतं. हाताने ढवळण्याबद्दल माझं मत अर्धं बदललंय. अर्धंच.

पेंटरचा_पोर
पिवळ्यावरून एक. रेघोट्या, पिवळा गडद करायला त्यात काळा घालू नकोस, शेवाळी हिरवा होतो. अण्णा तपकिरीची टोचणी द्यायचे. पुढच्या महिन्यात टिंट-शेडची (रंग फिका आणि गडद करत नेण्याची) असाइनमेंट येईल तेव्हा कामाला येईल.

आणि रंग एकदाच भरपूर कालवून झाकणाच्या डबीत ठेव. अर्ध्या कामात संपला तर तोच रंग परत कालवता येणं ब्रह्मदेवाला जमत नाही.

निरुपद्रवी
फ्लॅट वॉशवर पट्टे येतात त्याचं काय करायचं? (लेक विचारतेय.)

आडवा_ब्रश
रंग ताकासारखा पातळ नको, दह्यासारखा घट्ट नको. चपटा ब्रश. पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. वाळत असताना मध्येच 'जरा इथे' म्हणून ब्रश लावायचा नाही, तिथेच डाग पडतो. माझ्या आयडीचं रहस्य फुटलं.

रेघोट्या
बारा दिवसांनी येतेय, माफी. सबमिशन होतं.

सगळ्यांचं सगळं वाचलं, दोनदा. डिंक कपाटात ठेवला. सुटीत घरी गेले होते, तिथे हॉलमध्ये फरशीवर कागद पसरून चौकोन सरकवत बसले. ४१ फोटो झाले. नखाएवढे करून बघितल्यावर खरंच बहुतेक सगळे एकसारखे निघाले. मी वेगवेगळे समजत होते आणि प्रत्येकात मोठा चौकोन डाव्या खालच्या कोपऱ्यात! मग मुद्दाम मोठा वर टांगला. तेव्हा पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं, पडतोय की काय असं. त्याच्या खाली भरपूर पांढरं सोडलं आणि तीन छोटे उजव्या काठाला एकमेकांना जवळजवळ चिकटून लावले, ख सारखे. पाचवा अगदी बारका, एकटा. त्याची जागा सापडायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

बाबा चहा पीत बघत होते. दुसऱ्या दिवशी न विचारता खाली बसले आणि बारका चौकोन उचलून दुसरीकडे ठेवला. म्हणाले, "हा इथे उघडा पडलाय." मग आमचा वाद झाला, अर्धा तास, एका सेंटिमीटरवरून. शेवटी दोन कामं केली, एक माझं आणि एक बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, आणि दोन्ही घेऊन गेले.

सरांनी दोन्ही उलटी करून बघितली, मग लांब धरून. माझं ठेवून घेतलं. बाबांच्यावर बोट ठेवून म्हणाले, हा चौकोन घाबरून आत आलाय. मला म्हणाले, आता हेच पाच राखाडी टोनमध्ये करा, तोल बिघडेल, तो परत शोधा. ग्रे स्केल अजून एकदा करतेय, पाचव्या पायरीपासून.

बाबांना सांगितलं. ते म्हणतात, सरांनाच काही कळत नाही.

चहात_चपाती
बाबांना +१ कायम.

मॅचिंगवाली
राखाडीचं करशील तेव्हा दारात नेऊन बघ.